शिंगाड्याच्या तलावातलं शिसं : भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा तलावाचा प्रकरण अभ्यास

कार्तिक लागला होता, शिंगाडा ऐन भरात होता, आणि पाळीवर भरलेल्या टोपल्या दोन दिवसांपासून ओल्या पोत्याखाली तशाच पडून होत्या. गोंदियाचा व्यापारी आलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: तुमच्या तलावात शिसं निघालं म्हणतात, माल नको. पुरावा म्हणून त्यानं मोबाइलवर पाठवलेला कागद आमच्याच महाविद्यालयाचा होता. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींनी केलेला प्रकल्प, आणि खाली मार्गदर्शक म्हणून माझी सही.

त्याच संध्याकाळी मी गावात गेलो. तलावात शिंगाडा लावणाऱ्या ढिवर कुटुंबांतल्या एका मावशींनी मला पाळीवरच थांबवलं. "जन्मभर हे पानी पेलो, तं कोनी इचारलं नाही. अन् आता शिंगाडाच इखारी झाला का जी, सर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागदावरचा आकडा यंत्रानं दिलेला होता, खोटा नव्हता. पण त्याचा अर्थ काय, हे मला त्या घडीला सांगता आलं नाही.

पुढचं सव्वा वर्ष या एका तलावात गेलं. काय केलं आणि काय चुकलं ते इथे सविस्तर मांडतो, कारण पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव आहेत, आणि त्यातल्या कितीतरी तलावांत शिंगाडा, मासळी आणि मूर्तींचं विसर्जन एकाच पाण्यात होतं. गावाचं नाव आणि मोजणीचे नेमके आकडे मी देत नाही. ग्रामसभेनं तसं सांगितलं आहे, आणि सुटा आकडा बाहेर पडला की काय होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

तलाव

कोहळी समाजानं बांधलेल्या जुन्या तलावांपैकी हा एक. मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारजमा झाले, नावात मात्र मालगुजारी राहिली. एका बाजूला लांब मातीची पाळ, समोर पाणी येण्याच्या दिशेला धानाच्या बांध्या आणि त्यामागे जंगल, एका टोकाला सांडवा, पाळीखालून निघणारी नहर. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे. शिंगाड्याची वेल पावसाळ्याच्या तोंडी लावतात आणि दसऱ्यापासून फळ तोडायला डोंगे पाण्यात जातात.

पाळीच्या रस्त्याकडच्या टोकाला पायऱ्यांचा घाट आहे. पूर्वी इथे गावातल्याच मातीच्या मूर्ती यायच्या. रस्ता डांबरी झाल्यावर आजूबाजूच्या गावांतली मंडळंही ट्रॅक्टर घेऊन याच घाटावर यायला लागली. भाद्रपदात गणपती, आश्विनात देवी. म्हणजे विसर्जन आटोपतं आणि शिंगाड्याची तोडणी सुरू होते, मध्ये काही दिवसांचाच काय तो फरक.

पहिला कागद

मुलींनी जलपर्णीची मुळं तपासायचं ठरवलं होतं. कल्पना चांगली होती. पाण्याचा नमुना त्या एका क्षणाचा असतो. काल पाऊस झाला, आज ऊन पडलं, की तो बदलतो. पाण्यात वाढणारं झाड मात्र आठवडेच्या आठवडे तेच पाणी मुळांतून ओढत असतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू त्याच्या मुळांत साठत जातात. जलपर्णीला तळाची मातीही लागत नाही, मुळं थेट पाण्यात लोंबतात, त्यामुळे ती पाण्याबद्दल बरंच काही सांगते.

आमच्या भागात या पद्धतीला आणखी एक मोल आहे, आणि ते मला मुद्दाम सांगायचं आहे. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळणाऱ्या, ज्वालेवर चालणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन या धातू मोजणाऱ्या यंत्राला इतकं कमी शिसं नीट मोजता येत नाही. आता समजा, तलावाच्या पाण्यात लिटरमागे ०.००५ मिलिग्रॅम शिसं आहे आणि मुळांनी ते दोन हजार पटीनं साठवलं. म्हणजे वाळलेल्या मुळांच्या एका किलोत १० मिलिग्रॅम. त्यातली एक ग्रॅम मुळं आम्लात विरघळवून द्रावण ५० मिलिलिटर केलं, तर त्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम शिसं येतं. पाण्यापेक्षा चाळीस पट. साध्या यंत्राला पाण्यात जे दिसत नाही, ते झाडानं आधीच गोळा करून दिल्यावर दिसतं.

इथपर्यंत सगळं बरोबर. चुका पुढे झाल्या, आणि त्या तीनही माझ्या नजरेखालून गेल्या.

मुळं घेतली ती फक्त घाटाजवळून, देवीच्या विसर्जनानंतर आठ दिवसांनी. दुसरी जागा नाही, तुलनेला दुसरा तलाव नाही. मुळं नळाखाली एकदा खळबळून वाळवली. आणि निकाल आला तो वाळलेल्या वजनाच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये, तर अहवालात त्याच्या शेजारच्या रकान्यात पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिहिली, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. वाचणाऱ्यानं साहजिकच भागाकार केला. "मर्यादेच्या हजारो पट शिसं" ही ओळ अहवालात कुठेच नव्हती, ती मोबाइलवर फिरताना तयार झाली. पण ती तयार व्हायला जागा आम्हीच ठेवली होती. मुळांत धातू पाण्याच्या हजारो पट असणं हे तर जलपर्णीचं नेहमीचंच वागणं आहे. अगदी बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यातही तो भागाकार मोठाच येईल.

"आढळले नाही"

गोंधळ वाढला तो एका दुसऱ्या कागदामुळे. ग्रामपंचायतीनं घाईनं पाणी एका खासगी प्रयोगशाळेत पाठवलं आणि निकाल आला: शिसं आढळले नाही. सरपंचांनी तो कागद चावडीवर लावला. गावात दोन तट पडले. एकाच्या हातात "हजारो पट", दुसऱ्याच्या हातात "आढळले नाही".

मी तो कागद मागून घेतला. अगदी खाली, बारीक अक्षरात, यंत्राची मोजण्याची मर्यादा लिहिलेली होती: लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे परवानगीच्या पाचपट शिसं पाण्यात असतं, तरी तो कागद "आढळले नाही" असंच म्हणाला असता. शिवाय बाटलीत आम्ल टाकलेलं नव्हतं. शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं; म्हणून नमुना घेतल्या घेतल्या नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पाण्याचा पीएच २ च्या खाली आणावा लागतो. तो नमुना साध्या पाण्याच्या बाटलीत, चार दिवस कुणाच्या तरी मोटारसायकलच्या डिक्कीत होता.

गावात जलजीवन मिशनमधून मिळालेली तपासणीची पेटी आहे, आणि ती वापरायला शिकलेल्या महिलाही आहेत. त्या पेटीत पीएच, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह असं बरंच काही कळतं. शिसं कळत नाही. त्या ताईंनी मला विचारलं की आमच्या परीक्षेत पाणी पास झालं होतं ना? पास झालं होतं, खरंच. शिशाचा पेपर त्या परीक्षेत नव्हता.

पुन्हा पाण्यात

दुसऱ्या खेपेला आम्ही चार जागा धरल्या. घाट, तलावाच्या मध्यावरची शिंगाड्याची वेल, धानाच्या बांध्यांचं पाणी उतरतं ती बाजू, आणि तुलनेसाठी दोन किलोमीटरवरची एक बोडी, म्हणजे छोटं तळं, जिथे ना रस्ता जातो, ना विसर्जन होतं. डोंगा मावशींच्या यजमानांनी चालवला. मी त्यांना काका म्हणतो. टोपल्या पडून राहिलेल्या घराचा माणूस आमच्यासाठी डोंगा काढतो, याचं मला त्या दिवशी फार वाटलं.

प्रत्येक जागेवरून सारख्या आकाराची पाच झाडं. फार जुनी नकोत, अगदी कोवळी नकोत. सुरी पोलादाची नको म्हणून बांबूची चीप. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, स्वच्छ पॉलिथिन पिशवीत ठेवायचं. मुळं आधी तलावाच्याच पाण्यात, मग नळाच्या पाण्यात, मग तीनदा ऊर्ध्वपातित पाण्यात धुवायची. ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. सोबत एक कोरा नमुना, म्हणजे मुळं न घालता तसंच केलेलं द्रावण, आणि एक प्रमाणित नमुना, ज्यातलं शिसं आधीच ठाऊक आहे, म्हणजे प्रयोगशाळा बरोबर मोजते की नाही तेही कळतं.

मुळं धुताना जे दिसलं, तिथून या प्रकरणाला वळण मिळालं.

जलपर्णीची मुळं पिसासारखी असतात, जांभळट काळी, बारीक तंतूंनी भरलेली. बोटांत धरून चोळली की तांबूस लेप हाताला लागतो. तो लोहाच्या गंजाचा थर. मुळाभोवती तो आपोआप जमतो आणि पाण्यातले इतर धातूही धरून ठेवतो. घाटाजवळची मुळं पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये हलवल्यावर तळाशी त्या तांबूस गाळाबरोबर आणखी काही तरी बसलं. विद्यार्थिनीनं ट्रे खिडकीशी नेला. पिवळे, केशरी, सोनेरी कण होते, मोहरीच्या दाण्याहून लहान, एका बाजूनं चकचकीत आणि दुसऱ्या बाजूनं पांढरे. रंगाचे पापुद्रे. पांढरी बाजू प्लास्टरची. बोडीतल्या मुळांचा ट्रे शेजारीच होता. त्यात गोगलगाईची पिल्लं होती, गंज होता, रंगाचा एकही कण नव्हता.

म्हणजे पहिल्या अहवालातल्या आकड्यात झाडानं शोषलेलं शिसं किती आणि मुळांच्या जाळीत अडकलेले पापुद्रे किती, हे सांगताच येत नव्हतं. जलपर्णी तिथे गाळणीचंही काम करत होती. म्हणून घाटाच्या मुळांचे आम्ही तीन वाटे केले: एक न धुतलेला, एक पाण्यानं नीट धुतलेला, एक ईडीटीएच्या सौम्य द्रावणात बुडवून वरचा चिकटलेला धातू सोडवलेला. तिन्ही नागपूरच्या एका चांगल्या यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत गेले. न धुतलेल्या वाट्यातलं अर्ध्याहून जास्त शिसं धुण्यातच निघून गेलं. तरी जे उरलं, ते बोडीतल्या मुळांपेक्षा कितीतरी अधिक होतं. शिंगाड्याच्या वेलीकडे जाता जाता ते झपाट्यानं उतरत होतं, आणि धानाच्या बाजूला बोडीइतकंच होतं.

त्या शेवटच्या गोष्टीनं एक वाद मिटला. गावात बऱ्याच जणांचा संशय धानावरच्या फवारणीवर आणि खतावर होता. तसं असतं, तर सगळ्यात जास्त शिसं त्या बाजूच्या मुळांत सापडायला हवं होतं.

दोन उगम

मला वाटलं होतं, विषय संपला: विसर्जन, रंग, शिसं. पण पाळीजवळच्या गाळात एक जागा अशी निघाली जिथे शिसं घाटाइतकंच होतं आणि रंगाचे कण नव्हते. मी क्रोमियमचे आकडे काढले. पिवळ्या-केशरी रंगांत वापरलं जाणारं लेड क्रोमेट घेतलं, तर त्यात वजनानं क्रोमियमच्या जवळपास चौपट शिसं असतं. शिसं आणि क्रोमियम जोडीनंच येतात. घाटाच्या नमुन्यांत ही जोडी होती. या दुसऱ्या जागेत शिसं एकटंच होतं.

ती जागा जाळी वाळवायची. फेकायच्या जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात, जाळं तळाला झटकन बसावं म्हणून. गोळ्या झिजतात, गळतात, तिथेच पडतात. मी काकांना विचारलं की गोळ्या कुठून आणता. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, दोन-तीन घरी जुन्या बॅटरीच्या पाट्या वितळवून ओततात. चुलीवर. आणि गोळी दोरीला बसवताना दातांनी दाबतात, पोरंसोरंसुद्धा.

हे ऐकल्यावर तलाव माझ्या दृष्टीनं मागे पडला. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच ठाऊक नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. वितळत्या शिशाचा धूर आणि दातांखालची गोळी यांच्यापुढे शिंगाड्याचा प्रश्न लहान होता. त्या घरांतल्या मुलांची रक्ततपासणी नागपूरला करवून घेतली. त्याबद्दल इथे लिहिणार नाही, तो त्यांच्या घरचा विषय आहे. चुलीवर शिसं वितळवणं मात्र त्याच आठवड्यात थांबलं.

शिंगाडा

व्यापाऱ्याचा आणि मावशींचा प्रश्न एवढाच होता: खायचा की नाही? जलपर्णीवरून याचं उत्तर देता येत नाही, ते दुसरं झाड आहे. शिंगाड्याचे पाण्यातले मुळांसारखे पिसारे, पानं, साल आणि गर असे चार भाग वेगळे तपासले. शिसं झाडात सहज वर चढत नाही, मुळाच्या पेशींच्या भिंतींनाच अडकतं. तेच इथेही दिसलं. पिसाऱ्यात सगळ्यात जास्त, पानात कमी, घाटाकडच्या फळांच्या सालीत थोडं, गरात प्रयोगशाळेच्या मर्यादेखाली. आणि या वेळी ती मर्यादा किती आहे हे आम्ही आधी विचारून घेतलं होतं. फळांसाठी आणि कंदांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा ताज्या वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, यंत्र त्याच्या बरंच खाली मोजू शकत होतं. ताज्या गरात चारातले जवळपास तीन हिस्से पाणी असतं, म्हणून वाळलेल्या वजनावरचा आकडा ताज्यावर आणताना साधारण चारानं भागावा लागतो. हा हिशेब आम्ही अहवालातच मांडून दिला.

सालीचं मात्र मनात राहिलं. आमच्याकडे कच्चा शिंगाडा दातांनी फोडतात. पाळीवर बसून पोरं टोपलीतून उचलतात, काटा मोडतात आणि सरळ तोंडात. साल धुतल्यावर तिच्यावरचं बरंचसं शिसं जातं, म्हणून तोडलेला माल हातपंपाच्या पाण्यात दोनदा धुवायचा आणि घाटापासून दोन डोंगे लांबीपर्यंतची वेल तोडायची नाही, एवढं संस्थेनं ठरवलं. व्यापारी पुढच्या हंगामात परत आला. गेलेल्या हंगामाचे पैसे कुणी भरून दिले नाहीत. तो घाव आमच्या अहवालाचा आहे.

ग्रामसभेनंतर

ग्रामसभेत मंडळांची पोरं आधी चिडली. मी तो ट्रे सोबत नेला होता. कण हातोहात फिरले. एका मूर्तिकारानं उठून सांगितलं की हा सोनेरी रंग कुठल्या डब्यातला ते मी ओळखतो. त्यानंतर आवाज खाली आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्ती आणि विषारी रंग टाळायला सांगितलेलंच आहे. गावात तो कागद कुणी पाहिला नव्हता. घाटाच्या वर ताडपत्री घालून वेगळं कुंड करायचं ठरलं. पहिल्या वर्षी गावातली सगळी मंडळं तिथे आली, बाहेरची अर्धी.

जलपर्णीबद्दल एक चूक वेळेवर सापडली. घाटाजवळची काढलेली जलपर्णी दोन घरांनी कंपोस्टसाठी नेली होती, ते खत वांग्याच्या वाफ्यात जाणार होतं. झाडानं पाण्यातून काढलेलं शिसं आपण उचलून ताटात ठेवणार होतो. पाळीवर सडू दिली असती, तर पहिल्या पावसात ते परत तलावात गेलं असतं. ती सगळी गोळा करून पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर, जाड प्लास्टिक घातलेल्या खड्ड्यात पुरली. जलपर्णी पाणी शुद्ध करते म्हणून कुणी ती मुद्दाम तलावात सोडू नये, हेही सांगावं लागलं. पंधरा दिवसांत दुपटीनं पसरणारं ते झाड शिंगाडा आणि मासळी दोन्हींना गिळून टाकील.

आता आम्ही वर्षातून दोनदा नमुने घेतो, पोळ्याच्या सुमारास आणि कार्तिकात, आणि पोळ्याची तुलना पोळ्याशीच करतो. पावसाळ्यात झाड भराभर वाढतं, तेव्हा तेवढंच शिसं जास्त देहात पसरतं आणि आकडा आपोआप उतरतो. त्याला सुधारणा समजलं, तर फसगत होते. एका वर्षानंतर घाटाच्या नव्या मुळांत क्रोमियम आणि शिसं दोन्ही कमी दिसलं. जाळी वाळवायच्या जागेत फरक पडला नाही. काकांनी एका जाळ्याला लोखंडी कड्या लावून पाहिल्या. जाळं हळू बसतं आणि कड्या गंजतात, अशी त्यांची तक्रार आहे. दुसरे दोघे भाजलेल्या मातीचे मणी करून पाहताहेत.

घाटाखालचा गाळ तसाच आहे. यंदा उन्हाळ्यात तलावाचा गाळ "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" मधून काढायचा आहे, आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर तो बांध्यांत टाकायला तयार आहेत. तलावाच्या मधला गाळ तपासला, तो खुशाल न्यावा. घाटाचा कोपरा आणि जाळ्यांची जागा काकांनी आणि मुलींनी बांबू रोवून वेगळी केली आहे. पाणी उतरलं की तिथे वीस-वीस सेंटिमीटर खोलीचे नमुने काढायचे आहेत. प्लास्टिकच्या नळ्या मावशींच्या घरी, माळ्यावर ठेवल्या आहेत.